२० टीबीची डिस्क घेऊ का? घरात आधीच अकरा आहेत

कवड्या_खंड्या:

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण मला एका ओळीत काही सांगता येत नाही हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यांनी चहा घेऊन बसावं.

प्रश्न: २० टीबीची (टीबी म्हणजे हजार जीबी) एकच हार्ड डिस्क घ्यावी, की १०-१० च्या दोन, की आहे त्यातच साफसफाई करून गप्प बसावं? तिसरा पर्याय अर्थातच हिचा आहे.

आता रामायण. १९८८ साली मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात अकौंट्सला होतो. तिथे पहिला संगणक आला, पीसी-एक्सटी. हार्ड डिस्क २० एमबी. कारखान्यात एसी दोनच होते, एक एमडी साहेबांच्या केबिनला आणि दुसरा या डब्याला. खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. शिपाई तर पहिले काही दिवस आत येताना हातही जोडायचा. आठ हजार सभासदांची खाती, ऊसबिलं, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, सगळं त्या २० एमबीत. संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी 'पार्क' अशी कमांड द्यायची, म्हणजे डिस्क वाचणारं-लिहिणारं हेड सुरक्षित जागी जाऊन बसायचं. ते विसरून कोणी टेबल हलवलं तर आमचे ईडीपी, म्हणजे संगणक विभागाचे, मॅनेजर अख्ख्या खात्यासमोर उद्धार करायचे. तेव्हा आम्ही हिशेब केला होता की ही डिस्क भरायला किमान दहा गळीत हंगाम लागतील. तिसऱ्या हंगामात भरली.

तिथून मला हा रोग लागला. १९९६ ला घरी पेंटियम घेतला, १.२ जीबी. वाटलं, जन्माची ददात मिटली. दोन वर्षांनी ४.३ जीबीची बसवली. माझ्याकडचं विंडोज ९५ पहिल्या आवृत्तीचं, त्याला २ जीबीच्या पुढचा सलग तुकडा दिसत नसे, म्हणून सी, डी, ई असे तीन वाटे घातले. भावाभावांत जमिनीचे घालतात तसे. मग २००२ ला ४० जीबी, २००६ ला १६०, २०१० ला १ टीबी. प्रत्येक वेळी दुकानातून घरी येईपर्यंत रिक्षात मी पिशवी मांडीवर धरून बसलेला, आणि डोक्यात तेच वाक्य, आता ही शेवटची. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि काही महिने भाव दुपटीच्या घरात पोचले. तेव्हा माझ्याकडे २ टीबीचे पैसे बाजूला काढलेले होते. ते हिच्या पाटल्यांत गेले. ती अजून थायलंडचे उपकार मानते.

२०१४ मध्ये ती १ टीबीची गेली. रात्री अकराला फोटो कॉपी करत होतो आणि आतून आवाज आला, टक... टक... टक... मग घर्रर्र, परत टक. मी आधी भिंतीवर पाहिलं. पालच चुकचुकली असं वाटलं. डेटा काढून देणाऱ्याने पस्तीस हजार सांगितले, वर "मिळेलच असं नाही." नाही दिले. वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो त्यात होते. लोकांच्या मोबाइलमधून, नातेवाइकांच्या पेनड्राइव्हवरून अठ्ठावीस जमवले. त्यातल्या नऊ फोटोंत वडील पाठमोरे आहेत.

तेव्हापासून प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत आणि महत्त्वाच्याची तिसरी. म्हणून अकरा डिस्क. खरा माल साडेनऊ टीबी, बाकी त्याचीच पिल्लं.

माल काय, तेही सांगतो. निवृत्तीनंतर पक्ष्यांचे फोटो काढतो. कवडीपाट आणि भिगवण, दोन्हीकडे चहावाले आता नावाने हाक मारतात. नवा कॅमेरा सेकंदाला २० फोटो घेतो, एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा फोटो, साधारण २५ एमबी. कवडीपाटला कवड्या खंड्या पाण्यावर जागच्या जागी पंख मारत थांबतो, चोच खाली, आणि एकदम सूर मारतो. तो कधी मारेल ते सांगता येत नाही, म्हणून बटण दाबूनच ठेवायचं. एका बुडीचे माझ्याकडे २४० फोटो आहेत. म्हणजे ६ जीबी. कारखान्याच्या तीनशे डिस्क, एका माशासाठी. आणि मासा त्याला मिळालाही नाही.

शिवाय वडिलांच्या भजनी मंडळाच्या १४० कॅसेट, त्या उतरवून घेतल्यात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे आवाज सेकंदाला ९६ हजार वेळा मोजून, तासाला २ जीबी. आणि मुलगी नातवाचे व्हिडिओ पाठवते. तिच्या फोनवर ४के, ६० फ्रेम, मिनिटाला ४०० एमबी. परवा मी कागदावर भागाकार केला. कारखान्याची ती आख्खी डिस्क, आठ हजार सभासद धरून, नातवाच्या तीन सेकंदांच्या शिंकेत मावते.

वर्षाला ३ टीबीची भर पडते आहे. दुकानदाराने २० टीबीचे पंचेचाळीस हजारांच्या आसपास सांगितले. ही म्हणाली, "काय भरणार आहात त्यात?" मी म्हटलं, "भरेल." ती म्हणाली, "तेच विचारतेय."

---

तर्रीबाज:

घ्या काका. नाही घेतली तर रात्री झोप येणार नाही, घेतली तर सकाळी काकू येतील. झोप तरी मिळेल.

---

मळणीयंत्र:

गंमत बाजूला, पण एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, का नाही? हलत नाही, टकटकत नाही, पडली तरी चालते.

---

शून्य_एक:

एसएसडीचं आधी उरकतो. एवढ्या मापाची घ्यायची तर टीबीमागे भाव कितीतरी पट. आणि कपाटात विजेशिवाय वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर ती त्या कामाची नाही, आतला विद्युतभार हळूहळू झिरपतो. रोजच्या कामाला एसएसडी, साठवणीला तबकडी. माझा पगार डेटा सेंटरमधून येतो, तिथेही साधारण हीच वाटणी आहे.

आता काका, तुमच्या प्रश्नातच एक खड्डा आहे. साडेनऊ टीबी हा आकडा तुम्ही विंडोजमध्ये पाहिलात ना? मग १० टीबीच्या डिस्कमध्ये तो मावणारच नाही. कंपनी टीबी हजारांच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. १० ची डिस्क ९.०९ दिसते, २० ची १८.१. पूर्वी हा फरक नजरेत भरत नसे. तुमच्या १.२ जीबीत तो ऐंशी-पंच्याऐंशी एमबी होता. २० टीबीत जवळजवळ दोन टीबी "गायब" होतात आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

दुसरं, मोठ्या डिस्कचं खरं दुखणं वेळेचं आहे. माप वाढलं त्या मानाने वेग वाढला नाही. तुमची २०१० ची १ टीबी सेकंदाला १०० एमबीने पावणेतीन तासांत भरायची. २० टीबी सेकंदाला २०० ने लिहिली तरी पुरते २८ तास. टाकी वीसपट झाली, नळ दुप्पट. म्हणजे ही डिस्क उद्या कुरकुरायला लागली, तर माल बाहेर काढायला एक आख्खा दिवस आणि वर चार तास ती जिवंत राहायला हवी. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. एकाच खुंटीला सगळं टांगू नका.

घेताना आणखी एक पाहा, लिहिण्याची पद्धत. एसएमआर प्रकारात माग, म्हणजे तबकडीवरच्या लिहिण्याच्या रेषा, कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त मावतं, पण मधलं कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. एकदा भरून ठेवायला ठीक, सारखी खाडाखोड असेल तर रडवते. सीएमआर घ्या, त्यात माग एकमेकांवर चढत नाहीत. खोक्यावर नाही लिहिलं तर कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेल नंबर शोधा.

बाकी तुमच्या रोगाबद्दल मला प्रेमच आहे. १९५६ मध्ये आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली, रॅमॅक. २४ इंची ५० तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची ५० लाख अक्षरं. आज मुठीहून थोड्या मोठ्या डब्यात नऊ-दहा तबकड्या बसतात, आत हवेऐवजी हेलियम असतो. हवेपेक्षा तो कितीतरी हलका, म्हणून तबकड्या कमी थरथरतात आणि पातळ करून जवळ-जवळ रचता येतात. हेलियमवाल्या डिस्क २०१३ मध्ये ६ टीबीपासून सुरू झाल्या. चुंबकाचे ते इवलेसे ठसे वाचणाऱ्या हेडमागचं जे भौतिकशास्त्र आहे, त्याला फेअर आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं. आता हेडवर लेसर बसवून, लिहायचा ठिपका क्षणभर ४०० अंशांच्या वर तापवून लिहितात. ३० टीबीच्या डिस्क त्यावर चालतात. आणि हे सगळं कशासाठी, तर मासा न मिळालेल्या खंड्यासाठी. माझा आक्षेप नाही.

एक मात्र बोलतोच. कॅसेट ९६ किलोहर्ट्झला कशाला? त्या फितीत तेवढं नाहीच आहे, तुम्ही खरखर साठवताय. ४८ पुरे, आणि एफएलएसी करून ठेवा. आवाजाचा कणही न गमावता जागा निम्म्याच्या आसपास येईल.

---

कऱ्हाडचा_शटरवाला:

काका, मी लग्नाचं शूटिंग करतो. आमच्याकडं आता तीन कॅमेरे आणि ड्रोन याशिवाय पार्टी बोलतच नाही. ४के म्हणजे एका कॅमेऱ्याचा तासाला ४५ जीबी. साखरपुडा, हळद, लग्न, वरात धरून एका लग्नाचं सहा-सातशे जीबी होतंय. तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागला की मला तुमचे साडेनऊ टीबी पंधरा लग्नांत भरतात. शिरा खाऊन खाऊन नाही, डिस्क घेऊन घेऊन वजन वाढलं.

आधी सगळं जपून ठेवायचो. स्टीलचं कपाट भरलं, मग खाटेखाली. एकदा पावसाळ्यात गळती लागली आणि मी पाहुण्यांच्या आधी डिस्क उचलल्या, तेव्हा बायकोनं नियम लावून दिला. आता डिस्क पार्टीनं आणायची. अल्बम दिला, सही घेतली, त्यापासून सहा महिने माझी जबाबदारी, पुढं नाही. पावतीवर मराठीत मोठ्या अक्षरात छापलंय. तरी दोन वर्षांनी फोन येतोच, "दादा, आमची पेनड्राइव्ह वहिनींनी फॉरमॅट मारली, तुमच्याकडं असंल की." असतं का? खरं सांगू, निम्म्यांचं असतं. पुसवत नाही.

तुम्हाला सल्ला म्हणाल तर मोठी घ्या, पण दोन घ्या आणि एक दुसऱ्या गावी ठेवा. आणि कपाटातली डिस्क सहा महिन्यांतनं एकदा फिरवा. गाडी उभी ठेवली तरी स्टार्टर मारतोच की आपण. चालू केल्यावर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या त्या क्रिस्टलडिस्कइन्फोमधी ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि सी५ (वाचताना अडलेल्या, संशयित जागा) हे दोन आकडे बघायचे. शून्य असले तर चहा प्या. सी५ वाढायला लागला तर चहा राहू द्या, आधी कॉपी करा.

---

ओसरी:

मी वेगळं काही सांगणार आहे, राग मानू नका.

माझे मामा दोन वर्षांपूर्वी गेले. तुमच्यासारखेच हौशी होते, फक्त पक्ष्यांऐवजी देवळांचे फोटो. खोलीत सात डिस्क सापडल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. उघडल्यावर आत 'बॅकअप', 'बॅकअप नवा', 'नवा बॅकअप फायनल', 'फायनल २ हेच बघणे'. मामींना एवढंच हवं होतं की चौदाव्याला लावायला मामांचा एक चांगला फोटो मिळावा. फोटो काढणारे ते स्वतःच, त्यामुळे त्यांचे स्वतःचे जवळजवळ नाहीतच. शेवटी आधार कार्डावरचा मोठा केला.

मग चार रविवार मी आणि माझा भाऊ बसलो. एकाच देवळाच्या एकाच खांबाचे शेकडो फोटो, आणि तेच सगळे पाच डिस्कवर. सहाव्या डिस्कवर 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये, 'इतर'च्या आत आणखी एक 'इतर', त्यात अकरा मिनिटांची ध्वनिफीत. आजी ओव्या म्हणतेय, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि मधेच मामा विचारतात, "पुढची आठवते का?" ती म्हणते, "आठवते, पण आधी गॅस बंद कर." त्या सात डिस्कमधलं आम्ही जपलं ते हे, आणि साधारण साठ फोटो. सगळं मिळून एका जुन्या पेनड्राइव्हवर मावलं.

सातव्या डिस्कला पासवर्ड आहे. ती माझ्या कपाटावर आहे. टाकवत नाही आणि उघडता येत नाही.

काका, तुमच्या अकरापैकी वडिलांचं भजन कुठल्या डिस्कवर आहे, हे घरात तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

---

तर्रीबाज:

ओसरीताई, तुम्ही धाग्याचा सूरच बदललात. मी माझ्या 'न्यू फोल्डर (७)'कडे बघतोय.

---

मळणीयंत्र:

मग क्लाउडवर टाकावं ना सरळ. पासवर्ड मुलीला द्यायचा, झालं.

---

शून्य_एक:

साडेनऊ टीबी १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा एमबी) इंटरनेट लाइनवर चढवायला, लाइन एकदाही न अडखळता, रात्रंदिवस नऊ दिवस. ते परवडलं तरी ती भाड्याची खोली आहे, भाडं थकलं की सामान बाहेर. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण १ जून २०२१ ला संपलं, तेव्हा इथेच किती रडारड झाली होती आठवतंय ना? निवडक गोष्टींसाठी क्लाउड उत्तम. २४० खंड्यांसाठी नाही.

ओसरी म्हणतात ते मात्र खरं आहे. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर, हा नियम आम्ही सगळ्यांना पढवतो. चिठ्ठी चिकटवायला कुणालाच सांगत नाही.

---

कवड्या_खंड्या:

मंडळी, पंधरा दिवस गप्प होतो कारण कामाला लागलो होतो.

ओसरीताईंचा प्रश्न हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला माहितेय, निळ्या डिस्कवर." निळ्या तीन आहेत. तिलाही ते माहीत होतं, म्हणून दोघंही हसलो, आणि मग मी उठून चिकटपट्टी आणली.

आधी कॅसेट. ४८ ला आणून एफएलएसी केल्या, २९० जीबीचे नव्वदच्या आत आले. रूपांतर नीट झालंय ना हे बघायला एकेक कॅसेट मधूनमधून लावत गेलो आणि त्यात आठवडा गेला. घाई करायची इच्छाच झाली नाही. एका सप्ताहाच्या कॅसेटवर वडील पखवाजवाल्याला भजन थांबवून सांगतायत, "अरे, कणीक ओली लावलीस, आवाज बसलाय." हे मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. उतरवून घेतलं, तीन प्रती केल्या, पण ऐकलं नव्हतं.

मग खंड्या. दोनशे चाळीसपैकी दोन ठेवायचे असं ठरवून बसलो. पहिल्या तासात एकशे नव्वद गेले, पाठमोरे, धूसर, नुसतं पाणी. उरलेल्या पन्नासांवर मात्र तीन तास लागले. एकात चोचीचं टोक पाण्याला नुकतं टेकलंय, अजून तरंग उठलेला नाही. त्याच्या पुढच्यात तरंग आहे, पण डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे. दोन्ही पाहिजेत. त्याच्या मधला एक आहे, त्यात काहीच धड नाही, पण तो नसला तर या दोघांचा संबंध कळत नाही. सात ठेवले. ही मागून बघत होती, म्हणाली, "तो खंड्यासुद्धा एवढा विचार करत नाही उडी मारताना."

या वेगाने सगळं चाळायला मला पाच-सहा वर्षं लागतील. तरी सोपं सोपं आधी पुसलं, सारख्या फाइली, दोनदा उतरवलेली कार्डं, हलत्या ट्रायपॉडवरचे व्हिडिओ, आणि साडेनवाचे ७.१ टीबी झाले. म्हणून १२ च्या दोन मागवल्या, सीएमआर, मॉडेल नंबर बघून. विंडोजमध्ये १०.९ दिसतायत, भांडायला गेलो नाही. दोन्हींत तोच माल. एक इथे, एक मुलीकडे नाशिकला. ती म्हणाली, "बाबा, तिच्याबरोबर तुम्ही पण याल ना दर सहा महिन्यांनी फिरवायला?" शटरवाल्यांचा स्टार्टर इथे कामाला आला.

शून्य_एक, वर्षाला ३ टीबीच्या हिशेबाने ही सव्वा वर्षात भरेल हे मला समजतं. तुम्ही लिहू नका.

जुन्या अकरांपैकी सात मोकळ्या झाल्या. ज्यांचे सी५ शून्य होते त्या पुसून भाच्याला दिल्या, बाकीच्या स्क्रू काढून उघडल्या. तबकड्या आरशासारख्या असतात, हिने एक तुळशीपाशी टांगली आहे, कबुतरं घाबरतात म्हणे.

आवरताना माळ्यावरच्या खोक्यातून आणखी एक निघाली, विटेएवढी जड. अकरांत मी ती धरलीच नव्हती. कारखान्याने तो एक्सटी भंगारात काढला तेव्हा मी ती मागून घेतली होती. हिने पुसून हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "हीत काय आहे?"

"काही नाही. देताना फॉरमॅट मारूनच दिली होती."

"मग टाकू?"

ती आता टीव्हीखाली आहे. पार्क करून ठेवली आहे.